पहिलीच्या वर्गात मदतीला जाताय? मग हे वाचाच

शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला, "बेंदराचे मातीचे बैल करून घ्यायचेत, तीन पालक मदतीला हवेत", की पहिला अंगठा तुमचाच पाहिजे. (बेंदूर म्हणजे आमच्या कोल्हापूरकडचा बैलपोळा.) काय करायचंय, किती वाजता, असलं विचारत बसू नका, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागतोय.

मागच्या आठवड्यात मीपण गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि वर्गात ४२ पोरं, एक बाई, आम्ही तीन मदतनीस. ३० पोरांमागं एक शिक्षक हे कायद्यात, वर्गात नव्हे. तर तिथं जे शिकलो ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितोय.

आत शिरल्या शिरल्या आपलं पोरगं हुडकायचं आणि त्याच्याच शेजारी बूड टेकायचं. उरलेल्या ४१ जणांना बाई आहेत की.

मोबाईल सायलेंटवर टाकायचा नाही.

रील मात्र झालंच पाहिजे. आपल्याचं पुसून-बिसून घ्या, मागं दुसऱ्याचं शेंबडं पोरगं दिसलं तर दिसू दे, त्याच्या आईबापाला विचारायला कुणाला वेळ आहे?

कुणाचा डबा उघडंना, कुणाला शू लागलीय, कुणाच्या चपलेचा बंद तुटलाय, तिकडं बघायचंच नाही. ही कामं फोटोत येत नाहीत.

बाई हात मातीत घालून सतरा पोरांना एकदम "थांब रे, थांब गं" करत असतील, तेव्हा जवळ जाऊन हळूच विचारायचं, "मॅडम, आमच्याचं इंग्लिश कसं काय?"

आता बैल. पोरांनी केलेला बैल म्हणजे काय, निस्ता गोळा. वशिंड पोटाला, एक शिंग कानाखाली, दुसरं पडलेलं. हे असलं घरी जाऊन देव्हाऱ्यापुढं बसणार, पुरणपोळी खाणार, लोक काय म्हणतील? म्हणून तुम्ही ते पोराच्या हातातनं काढून घ्यायचं, "असं नसतं बाळा, दे इकडं" म्हणायचं, आणि बोट पाण्यात बुडवून मस्त गुळगुळीत पाठ, टोकदार शिंगं, नखानं डोळे, वर झुलीची नक्षी. स्वतःच्या पोराचा झाला की शेजारच्याचा घ्यायचा, मग त्याच्या शेजारच्याचा. आमच्या वर्गातल्या एका मदतनीस पालकांनी अशी एक अख्खी रांग सुधारली, आणि रांगेतली पोरं हात मांडीवर ठेवून गप बसून बघत होती, त्यात आमची पोरगी होती. मी समोरच्या कोपऱ्यात बादलीतनं पाणी वाटत होतो, दिसत होतं सगळं, तरी गप बसलो, कारण लोक काय म्हणतील हा रोग मलापण आहेच. घरी आल्यावर तिनं तो बैल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा माझा न्हाई." एवढंच. जेवताना तिकडं बघितलंपण नाही.

असो. अजून एक राहिलं. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाता खाता चारचौघांत सांगायचं, "अमक्याच्या पोराला अजून पेन्सिल धरता येत नाही हो."

१९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. महाराज आज असते तर पोराबरोबर स्वतःच पहिलीत येऊन बसणाऱ्यांना दंड लावला असता, आणि रुपयावर भागवलं नसतं.

अहो, सहा वर्षांचं पोर आहे ते! त्याचा बैल वाकडाच होणार, वाकडाच व्हायला पाहिजे, तुमचा सरळ बैल घेऊन काय प्रदर्शन भरवायचंय काय? हौस आली असंल तर कुंभाराकडनं माती आणा आणि घरी बसून करा चाळीस बैल, कोण नको म्हणतंय? शाळेत आलाय तर पाणी द्या, डबे उघडा, फरशी पुसा, बाईंनी सांगितलेलं तेवढं करा आणि तोंड मिटून घरी जा. दुसऱ्याच्या पोराला काय येत नाही ते गावाला सांगायला तुम्हाला आत घेतलेलं नाही. जमत नसंल तर येऊ नका, तेवढी एक खुर्ची मोकळी राहील वर्गात.

उरलेली माती मी पिशवीतनं आणली होती. रविवारी पोरीनं परत एक बैल केला. पाच पाय आहेत त्याला. मी विचारलं, तर पाचवं शेपूट आहे म्हणाली.