क्योटोच्या बसभाड्यात वंशभेद कुठे आहे?

एक मजकूर सध्या ग्रुपमागून ग्रुपवर फिरतोय: ‘जपानमधल्या क्योटोत परदेशी पर्यटकांना बसचं दुप्पट भाडं! हा उघड वंशभेद आहे. शहर पर्यटकांच्याच पैशावर जगतं. गर्दी होत असेल तर बस वाढवा.’ यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे, आणि लोकांचा सगळा संताप त्याच वाक्यावर उभा आहे.

आज क्योटोच्या शहर बसमध्ये, अंतर कितीही असो एकच भाडं असलेल्या भागात, सगळ्यांना सारखेच 230 येन पडतात. क्योटोचे महापौर कोजी मात्सुई यांचा प्रस्ताव असा की शहरात राहणाऱ्याला 200 येन आणि बाहेरच्याला 350 ते 400 येन. प्रश्न पत्त्याचा आहे, पारपत्राचा नाही. टोकियोहून आलेला जपानी माणूसही बाहेरचाच धरला जाईल, आणि क्योटोत रीतसर नोंदणी करून राहणारी आपल्याकडची विद्यार्थिनी रहिवासी. ओळख पटवण्यासाठी जपानचं जे ‘माय नंबर’ हे सरकारी ओळखपत्र वापरायचा विचार आहे, ते तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांनाही मिळतं. राष्ट्रीयत्वावरून वेगळा दर लावतो तो आपण. वेरूळच्या लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांना 600. क्योटोचा हिशेब आपल्या टोलनाक्यासारखा आहे: 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला सवलतीचा मासिक पास मिळतो. त्याला कोणी वंशभेद म्हणत नाही. व्हेनिसमध्ये बोटीचं साधं तिकीट साडेनऊ युरो आहे, तिथल्या कार्डधारक रहिवाशाला ते दीड युरोत पडतं.

आता ‘बस वाढवा’. हे म्हणणाऱ्याने 206 क्रमांकाची बस डोळ्यांसमोर आणावी. ती क्योटो स्टेशनवरून निघून हिगाशिओजी रस्त्याने जाते. आधी कियोमिझु मंदिराचा थांबा, मग पर्यटकांची आवडती गिओन वस्ती, आणि त्याच रस्त्यावर पुढे क्योटो विद्यापीठाचं रुग्णालय. म्हणजे देवळाला निघालेला पाहुणा आणि तपासणीला निघालेली आजी एकाच गाडीत. तिथे बहुतेक बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने पैसे भरून उतरायचं. सुटकेसांच्या गर्दीतून वाट काढत काठी टेकणारं माणूस पुढच्या दारापर्यंत पोचेल कसं? आणि बस भरलेली आली तर थांब्यावरच राहायचं. पर्यटकाची अर्ध्या तासाची खोटी होते, आजीची डॉक्टरची वेळ जाते.

शहराने वाढीव बस सोडल्याही. 1 जून 2024 पासून शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना मोजके थांबे घेणारी पर्यटन एक्सप्रेस धावते, भाडं 500 येन. पण बस आणायची तर चालकही हवा, आणि जपानभर चालकांचा तुटवडा आहे. एप्रिल 2024 पासून दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीची किमान मर्यादा 8 तासांवरून 9 तासांवर गेली, वर्षाच्या जादा कामाला 960 तासांची मर्यादा आली. हे नियम चालकाच्या जिवासाठी आहेत, ते मोडून फेऱ्या वाढवा असं कोणी म्हणू नये. भुयारी रेल्वेच्या मार्गिका दोनच, आणि किंकाकुजी या प्रसिद्ध सोनेरी मंदिराच्या जवळपास त्यातली एकही जात नाही. शहराची ट्राम तर 1978 सालीच बंद झाली.

पर्यटक पैसा आणतात, हे खरं. पण तो आधी हॉटेल आणि दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. थांब्यावरच्या आजीला त्यातून बसमध्ये जागा मिळत नाही. शहराला कर भरते ती, आणि उभी राहते तीही तीच.

माझ्या मते दोष पर्यटकाचा नाही. कितीतरी वर्षं शहरानेच दिवसभराचा स्वस्त बस पास विकला. 2018 पर्यंत तो 500 येनला होता. स्वस्त पास हातात असलेला माणूस बसमध्येच चढणार. त्याची विक्री सप्टेंबर 2023 मध्ये थांबली, तोवर सगळ्यांना बसची सवय लागून गेली होती.

प्रस्तावावर आक्षेप घ्यायचाच तर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो या मजकुरात नाही. शेजारच्या ओत्सू किंवा उजी शहरातून रोज क्योटोत कामाला येणारी माणसं पर्यटक नाहीत, पण पत्त्याने बाहेरची आहेत. पत्ता अजून आईवडिलांच्या गावीच नोंदलेला विद्यार्थीही तसाच. यांना 400 येन लावणं मला पटत नाही. मंजुरीआधी महापौरांना विचारायचं ते यांच्याबद्दल.