बचत कशी करवून घ्यावी

पगार 19,000. घरात माणसं पाच: मी, सौभाग्यवती, आई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. इंदूरला लोकमान्य नगरच्या अलीकडे दोन खोल्या, भाडं साडेपाच हजार. एवढ्यात माणूस काय डोंबल वाचवणार, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमचं चुकतंय. गेली सोळा वर्षं मी सियागंजात एका होलसेल दुकानात हिशोब लिहितो. दुसऱ्याचे लाखांचे आकडे जुळवता जुळवता मला एक गोष्ट कळली. बचत करायची नसते, करवून घ्यायची असते. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. शाळेत त्या धड्याला लक्ष दिलं असतंत, तर आज माझा सल्ला घ्यायची पाळी आली नसती.

खर्चाची यादी करा, असं सगळेच सांगतात. मी म्हणतो, जो खर्च नाहीच त्याची यादी आधी करा. माझ्या यादीत सगळ्यात वर पोहे आहेत. दुकानात जाताना रोज सकाळी मी उभ्या-उभ्या एक प्लेट पोहे घेतो. खाली पाणी उकळतंय, वर वाफेवर पोह्यांचा डोंगर, त्यावर शेव, कांदा, जिरावण मसाला. तेवढ्यात पोहेवाला कढईतून झारा वर काढत म्हणतो, "भिया, जलेबी गरम है." आता यावर नाही म्हणणारा माणूस इंदूरचा नव्हे, त्याची बदली झालेली असणार. मग दोन जिलेब्या, मग एक कट चहा. साठ रुपये, महिन्याचे 26 दिवस, झाले 1,560. हा आकडा मी कुठेही लिहीत नाही, आणि जे वहीत नाही ते खर्चात नाही, हे कुठलाही मुनीम तुम्हाला सांगेल.

घरात मात्र वही कडक. दूध दीड लिटर यायचं, ते मी एक लिटरवर आणलं. महिन्याला पंधरा लिटर वाचले, नऊशेच्या आसपास. त्रास कुणालाच झाला नाही. सौभाग्यवती म्हणाली, "मला तसाही चहा सोसत नाही." लग्न झालं तेव्हा दिवसाला तीन कप सोसायचा. पण तब्येत अशी वेळेवर बदलणारी माणसं घरात असणं हे भाग्याचं लक्षण आहे. पत्रिका जुळवताना हे बघत जा.

उत्पन्न वाढवण्याचंही तंत्र आहे. आमच्या घरात गेल्या तीन वर्षांत नियमित पगारवाढ मिळाली. जून 2023 मध्ये 1,000, त्याच वर्षी ऑक्टोबरात 1,250, नोव्हेंबर 2025 पासून 1,500. मला नाही हो, तिला. लाडली बहना, मध्य प्रदेश सरकारची बायकांना दरमहा पैसे देणारी योजना. आमचे शेठ दिवाळीला सोनपापडीचा डबा देतात, आणि तो मी पुढे मेहुण्याकडे देतो, म्हणजे तिथेही बचत. तर तिच्या खात्यात पैसे आले की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो, कारण नंबर माझा दिलेला आहे. तिला कशाला उगीच मेसेजचा त्रास.

हा मोबाइल नवा आहे. 21,000 चा. जेल रोडवरून घेतला, बारा हप्त्यांत, बिनव्याजी. तुम्ही म्हणाल, पगारापेक्षा मोठा मोबाइल? अहो, त्यात खर्च लिहायचं ॲप आहे. जुन्यात ते चालायचं नाही, आणि हिशोबाशिवाय बचत कशी होणार? आता रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते. पण रिझर्व्ह बँक तिकडे मुंबईत, तिला जेल रोडची काय माहिती! प्रोसेसिंग फी तेवढी लागली. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागला, म्हणजे जे व्याज नव्हतं त्यावर. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाला तोच मोबाइल रोखीत बाराशेनं स्वस्त मिळाला. मला त्याची कीव आली. बिचाऱ्याला एकदम सगळे पैसे द्यावे लागले.

मुलीच्या भवितव्याकडे माझं दुर्लक्ष नाही. पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं आहे, व्याज 8.2 टक्के. पोस्टाच्या योजनांमध्ये याहून जास्त शोधून दाखवा. खातं चालू ठेवायला वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरावे लागतात, ते मी न चुकता भरतो. नाही भरले तर 50 रुपये दंड, आणि दंड भरणं आमच्या रक्तात नाही. पंधरा वर्षं भरायचे, 21 वर्षांनी हातात. हाच दर राहिला तर साधारण बारा हजार होतील. ॲपमध्ये मी ते 'कन्यादान' या नावाखाली टाकलंय. मुलीनं परवा ते पाहिलं, मोबाइलचा हप्ता पाहिला, आणि नुसतं "बाबा, हप्ता महिन्याला 1,750 आहे ना?" एवढंच विचारलं. गणित चांगलं आहे तिचं. कॉमर्सला घालावी म्हणतो, फी कमी असते.

करमणूकही फुकटात करवून घ्यावी. 31 मे 2025 ला इंदूरची मेट्रो सुरू झाली आणि पहिला आठवडा तिकीट नव्हतं. पाचही जणांना घेऊन गेलो. पाच स्टेशनं, बसेबसेपर्यंत संपली. एक पैसा लागला नाही. सुपर कॉरिडॉरपर्यंत जायला-यायला रिक्षाचे 360 लागले, पण ते मेट्रोचे नव्हेत.

औषधं जनऔषधी केंद्रातून आणावीत. तीच गोळी, साध्या वेष्टनात, निम्म्याहून कमी किमतीत. हे अगदी खरं सांगतोय, यात गंमत नाही. आईची बीपीची गोळी आता तिथूनच येते. फक्त आपण स्वतः रांगेत उभं राहू नये, ओळखीचं कोणी दिसतं. बायकोला पाठवावं. आईचं सत्तरच्या पुढच्यांचं आयुष्मान कार्डही तिनंच काढून आणलं. दोन खेपा, अंगठा उमटत नव्हता म्हणून तिसरी. मी दुकानात सांगितलं, "कार्ड काढून टाकलं आईचं." सगळ्यांनी मान डोलावली.

आता मुद्द्याचं. आपण होळकरांच्या गावात राहतो, तर त्यांच्याकडून काही शिकायला नको? 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी, म्हणजे त्यांचं स्वतःचं वेगळं उत्पन्न, लावून दिली. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. पुढे अहिल्याबाईंनी देशभर देवळं आणि घाट बांधले, ते दौलतीला हात न लावता या खासगीतून. केवढी दूरदृष्टी! मी हीच पद्धत घरात चालवतो. माझा पगार ही दौलत. ती भाडं, हप्ता, पोहे अशा राजकीय कारणांसाठी. बाकी देवधर्म, पाहुणे, फी, आजारपण आणि अब्रू हे सगळं खासगीतून.

खासगी म्हणजे तिची भिशी. इथल्या बायका तिला बीसी म्हणतात. वीस बायका, महिना हजार. ते हजार ती कुठून काढते, मी विचारत नाही. पेशव्यांनीही विचारलं नसेल. ब्लाऊज शिवते, फॉल-बिडिंग करते, त्यात जमत असावं. गेल्या वर्षी तिचा नंबर लागला, वीस हजार एकरकमी. तिच्या मनात त्यातून चष्मा करायचा होता आणि शिलाई मशीनला मोटर बसवायची होती. त्याच महिन्यात देवासला माझ्या भाचीचं लग्न निघालं. मामाचा मान असतो. तो राखावा लागतो.

सराफ्यात दिवसा गेलो, फार वर्षांनी. एरवी मी तिथं रात्रीच जातो. दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद, सुरू होतात, तेव्हा. हा एक सल्ला लिहून घ्या: सराफ्यात दिवसा जायची ऐपत नसेल तर रात्री जावं, सराफ्याला जाऊन आलो म्हणायला हरकत नसते. तर दिवसा गेलो. दोन ग्रॅमचे टॉप्स घेतले. सोनं, वर मजुरी, वर 3 टक्के जीएसटी, आणि भिशी अशी बसली की मापानं शिवली असावी. मांडवात ताई सगळ्यांना डबी उघडून दाखवत होती, "मामानं केलं हो, मामानं!" माझा फेटा अर्धा इंच वर गेला. सौभाग्यवती पंगतीत वाढत होती, तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. चष्म्याचं काय, भिशी कुठं पळून जाते का? वीस महिन्यांनी परत नंबर लागेलच. चष्म्याचा नंबर तोवर आणखी वाढेल, म्हणजे आता केला असता तर तो वायाच गेला असता.

सगळ्यात अवघड किल्ला विजेचा. मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको: महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलात, तर पहिल्या शंभर युनिटांचे फक्त 100 रुपये. 151 झाले की सवलत गेली, सगळं पूर्ण दरानं. एका युनिटात पाचशेच्या वर फटका. त्यामुळे आमच्याकडे दिवसाला पाच युनिटांचं रेशन आहे. मिक्सर कपाटावर, चटणी पाट्यावर. चव वेगळीच येते, मी नेहमी म्हणतो. फ्रीज रात्री बंद. कूलर रात्री दहा ते एक. एकनंतर आई पंखा मागते, हातातला. इस्त्री फक्त माझ्या शर्टांना, कारण बाहेर घराची प्रतिमा मी असतो.

मीटर जिन्याखाली उंचावर आहे. रोज संध्याकाळी सौभाग्यवती स्टुलावर चढते, एका हातात टॉर्च, आणि आकडा मोठ्यानं सांगते. मी खाली बसून ॲपमध्ये टाकतो. हे टीमवर्क. मे महिन्यात, महिना संपायला दोन दिवस असताना, ती वरून म्हणाली, "सहा हजार दोनशे तेहतीस." मागचं रीडिंग 6,097. म्हणजे 136 झाले. हाताशी चौदा! मी उदार झालो. म्हटलं, आज आईला कूलर रात्रभर लावू दे. दुसऱ्या दिवशी कैऱ्यांचं पन्हं केलं, मिक्सर खाली काढला, मुलानं तो आपणहून तीनदा फिरवला. फ्रीजमध्ये बर्फ झाला. आई सकाळी म्हणाली, "काल झोप लागली रे." दोन दिवस आमच्याकडे दिवाळी.

बिल आलं 151 युनिटांचं.

मी ॲप उघडलं, आकडे पुन्हा मांडले. मुलगी टॉर्च घेऊन जिन्याखाली गेली, स्टुलावर चढली, थोडा वेळ मीटरकडे बघत राहिली आणि खाली येऊन म्हणाली, "आईनं आठाचा तीन वाचला असणार. अडतीसचे तेहतीस. डावीकडची उभी रेघ तिला आता दिसत नाही." सौभाग्यवती दाराशी उभी होती. तिनं चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. दांडीला बांधलेला काळा दोरा शिलाईतला आहे, तोही फुकटचा.

पाचशेच्या वर नुकसान, तेही निव्वळ निष्काळजीपणामुळे. पण मी आवाज चढवला नाही. घरातली माणसं अशानं खचतात आणि मग बचतीत मन लागत नाही. मी शांतपणे एवढंच म्हणालो की हे आता खासगीत टाकावं लागेल.

ती म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यापासून मीटर तुम्हीच बघत जा."

मी जिन्याखाली जाऊन स्टूल हलवून पाहिलं. एक पाय खुळखुळा आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घातलीय, बहुधा तिनंच. माझं वजन 82 किलो. आता यावरून मी पडलो, तर केवढ्याला पडेन?