आरोपीची लेकरं पोलिसांनी का बघायची? : फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. आई-बापाला अटक होते तेव्हा घरातल्या मुलांचं काय करायचं, हे नव्या पोलीस शिपायांना प्रशिक्षणातच शिकवावं, अशी मागणी काहीजण करतायत. त्यावरचा हा संताप आहे. मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं : पोलिसांचं काम गुन्हेगार धरण्याचं, लेकरं सांभाळण्याचं नव्हे. त्यासाठी सरकारचं वेगळं खातं आहे. आपल्याकडं शेजारीपाजारी असतात, एकही पोर उघड्यावर पडत नाही. मुलांचा विचार करत बसलं तर आरोपी निसटेल. मुलांची एवढी काळजी होती तर आई-बापानं गुन्हा करायच्या आधी विचार करायचा होता. आणि मुळात हे अमेरिकेतून आणलेलं खूळ आहे.

मी बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. जामिनाचे अर्ज हे माझं रोजचं काम. हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, चांगली माणसंही आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पहिला मुद्दा वेगळ्या खात्याचा. महिला व बालविकास खातं आहे, जिल्ह्याची बालकल्याण समितीही आहे. पण २०१५ च्या बालन्याय कायद्यानं ही जबाबदारी पोलिसांवरही टाकलेली आहे. कलम १०७ म्हणतं, प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा आणि त्याला तसं प्रशिक्षण हवं. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक हवं. त्याचा प्रमुख उपअधीक्षकापेक्षा खालचा नसावा आणि सोबत दोन समाजसेवक असावेत, त्यातली एक बाई. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं, कुणी बघणारं नसलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत समितीपुढं हजर करायचं, असं कलम ३१ सांगतं. आणि तिथं हजर करणाऱ्यांच्या यादीत पोलीस आहेतच.

पण खरी अडचण यानंतरची आहे. हा बालकल्याण अधिकारी ठाण्यात बसलेला असतो. समितीची माणसं जिल्ह्याच्या गावी. अटक होते त्या दारात कोण असतं? एखादा फौजदार, दोन शिपाई, फार तर एक महिला शिपाई. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत त्या घरातल्या मुलाचं काय होणार, हे याच तिघा-चौघांच्या हातात असतं. दुसरं कुठलंही खातं त्या वेळी तिथं नसतं आणि असूही शकत नाही. म्हणूनच शिकवायचं ते भरती झालेल्या शिपायाला. वरच्या अधिकाऱ्यांच्या कार्यशाळा कितीही घेतल्या तरी दारात उभा असतो तो शिपाईच.

आता शेजाऱ्यांचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त तोच बोलायचाय, कारण तो ऐकायला बरा वाटतो आणि पुष्कळदा खराही असतो. आपल्या गल्लीत अजून पोरं एकमेकांच्या घरी जेवतात, हे मान्य. पण एक प्रकरण सांगते. नावगाव सांगणार नाही. सीमेलगतच्या एका तालुक्यातली बाई, हातभट्टीच्या केसमध्ये दुपारी धरली. नवरा गोव्यात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येणारा. मुलगी मराठी शाळेत तिसरीला. अटक कायद्याप्रमाणं झाली होती : सूर्यास्ताच्या आधी, महिला शिपाई सोबत, पंचनामा व्यवस्थित, अटकेच्या पत्रकावर साक्षीदाराची सही. मी वकील म्हणून ते कागद चाळले तेव्हा बोट ठेवायला जागा सापडली नाही.

अंगझडतीत तिच्याकडं दोन वस्तू मिळाल्या. घराची किल्ली आणि मोबाईल. दोन्ही पाकिटात घालून, पावती करून ठाण्यात जमा. मुलगी शाळेतून आली तर दाराला कुलूप. किल्ली ठाण्यात. आज्जी चंदगड तालुक्यात राहते, तिचा नंबर फक्त त्या मोबाईलमध्ये. बापाचा नंबरही त्यातच. शेजारणीनं भाकरी दिली, पण घरात झोपवून घ्यायला तिचा नवरा तयार होईना. पोलिसांची भानगड आपल्या घरात नको, एवढंच तो म्हणाला, आणि त्यालाही मी दोष देत नाही. रात्री उशिरा अंगणवाडीच्या बाईंनी तिला आपल्या घरी नेलं. आज्जी पोचली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं. बाईला मॅजिस्ट्रेटपुढं आणलं तेव्हा तिनं मला जामिनाचं विचारलंच नाही. ती म्हणाली, "मॅडम, फोनात माझ्या आईचा नंबर होता. तेवढा लिहून घ्या म्हणून किती सांगितलं मी."

त्या पथकातलं कुणी दुष्ट नव्हतं. त्या महिला शिपाई मला नंतर कोर्टाच्या आवारात भेटल्या. त्या म्हणाल्या की मुलगी आहे हे त्यांना ठाण्यात गेल्यावर कळलं आणि तोवर फोन सील झाला होता. फोन पाकिटात घालण्याआधी नंबर उतरवून घ्यायचा, किल्ली कुणाकडं द्यायची ते बाईला विचारायचं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. अटकेच्या पत्रकात काय हवं ते कायद्यानं ठरवून दिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलेल्या त्या गोष्टी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ आणि ४८ मध्ये आहेत : साक्षीदार हवा, आरोपीची सही हवी, नातेवाईकाला किंवा मित्राला कळवायला हवं. घरात मूल आहे का, हा प्रश्न त्यात कुठंच नाही. कागद विचारत नाही ते शिपायानं आपणहून विचारायचं असेल, तर त्याला ते शिकवायलाच हवं.

शेजाऱ्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. हंगामात चिकोडी, अथणी, रायबागकडं बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाशेजारी कोपी टाकून राहतात. मुकादमाशी उचलीवरून भांडण झालं, मारामारी झाली, बाप आत गेला आणि आई दवाखान्यात, तर कोपीतल्या पोराचा शेजारी कोण? त्याच्या गावची माणसं शेकडो किलोमीटर लांब. आणि दुसरी गोष्ट कटू आहे, पण लिहायलाच हवी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत दरवर्षी दिसतं. जो पहिला म्हणेल "द्या माझ्याकडं", त्याच्याकडं पोर सोडून गाडी वळवायची, ही काळजी नव्हे. आई-बाप कुणाचं नाव सांगतात, मूल त्या माणसाकडं जायला तयार आहे का, त्या माणसावर काही केस आहे का, एवढं तरी बघायला हवं. ते ठाण्यातून एका फोनवर कळतं.

सीमाभागाची म्हणून एक अडचण आहे, तिचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. आपल्या कितीतरी घरांतली माहेरं-सासरं चंदगड, गडहिंग्लज, जत, मिरजेकडं. आज्जीचं घर तासाभराच्या अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. शिपायाला वाटतं राज्याबाहेर मूल कसं पाठवायचं, आणि तो गोंधळतो. आई-बापानं विश्वासानं नाव सांगितलं आणि आज्जी येऊन घेऊन गेली, तर त्यात राज्याची सीमा आडवी येण्याचं काही कारण नाही. आई-बाप तुरुंगात गेले एवढ्यावरून मूल आपोआप समितीकडं जात नाही. आणि समितीकडं गेलंच, तरी कलम ९५ खाली चौकशी करून त्याला दुसऱ्या राज्यातल्या घरच्या जिल्ह्याच्या समितीकडं सोपवता येतं. हे प्रशिक्षणात एकदा नीट सांगितलं तर तो गोंधळ राहणार नाही.

भाषेचंही तसंच. सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगलकडचा मुलगा भरती होतो, घरची भाषा कन्नड, नेमणूक मराठी वस्तीत. तो पोराला प्रेमानंच विचारतो, "निन्न हेसरेनु?", म्हणजे तुझं नाव काय. घाबरलेलं, घरात मराठी बोलणारं पाच वर्षांचं पोर गप्प राहतं. मोठ्यांना ते हट्टी वाटतं. यात कुणाचा दोष काढायचा नाहीये मला. नाव काय, भूक लागली का, आई कुठं गेलीय आणि तिला कधी भेटता येईल, एवढी चार-पाच वाक्यं मराठीत त्याला यायला हवीत. इथल्या मराठी शिपायाला तीच कन्नडमध्ये यायला हवीत, कारण सौंदत्तीच्या पोरालाही तेवढीच भीती वाटते.

आरोपी निसटेल, या मुद्द्याला कायद्यातच उत्तर आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्णेशकुमार निकालात बजावलंय. ती नोटीस आता नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. पुष्कळ प्रकरणांत घाईची गरजच नसते, आणि नोटीस मिळालेली आई मुलांची सोय करून ठाण्यात येते. जिथं अटक टाळता येत नाही तिथं आधी माहिती काढली तर पोलिसांचाच फायदा. घरात मुलं आहेत हे माहीत नसताना दार ढकलून आत जाणं पोलिसांनाही धोक्याचं. शाळेची वेळ निवडता येते, मात्र मग शाळेला कळवायलाही हवं, नाहीतर वर सांगितलं तसं कुलूप समोर येतं. खुनी, शस्त्र घेतलेला माणूस असेल तर आधी त्याला धरा, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. त्याच्या मुलाची चौकशी पाच मिनिटांनी करा, पण करा.

"आई-बापानं आधी विचार करायचा होता." हे वाक्य बेळगावात लिहिलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? सीमालढ्यात आपल्या आज्ज्या-आजोबांनी हिंडलग्याचा तुरुंग बघितला. अलीकडं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली तेव्हाही तिच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलंच. त्यांच्या घरी लेकरं नव्हती काय? आणि समजा गुन्हा खराच केलाय. तरी शिक्षा द्यायची ती करणाऱ्याला. भारतानं १९९२ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या नवव्या कलमात लिहिलंय की सरकारच्या कारवाईमुळं, म्हणजे अटकेनं किंवा कैदेनं, मूल आई-बापापासून तुटलं तर ते कुठं आहेत याची माहिती मागितल्यावर द्यायला हवी, फक्त त्या माहितीनंच मुलाचं नुकसान होणार असेल तेवढा अपवाद. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात ठरवून दिलं की कैदी आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकतं आणि पुढची सोय आईच्या इच्छेप्रमाणं बघायची. तुरुंगाच्या आत एवढा विचार झालाय. अटकेच्या दारात मात्र अजून काहीच नाही.

राहिला अमेरिकेचा मुद्दा. तिकडं यावर आधी काम झालं, हे खरं आहे. न्यू हेवन शहरात १९९१ पासून पोलीस आणि येल विद्यापीठाचं बालअभ्यास केंद्र मिळून पोलिसांना मुलांच्या मनाचं शिकवतायत. सॅन फ्रान्सिस्कोत २००३ साली कैद्यांच्या मुलांच्या हक्कांची सनद लिहिली गेली, आणि तिचा पहिला हक्कच अटकेच्या वेळी सुरक्षित राहण्याचा आणि काय चाललंय ते समजण्याचा आहे. पोलीस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१४ साली नमुना धोरण काढलं : आधी मुलांबद्दल विचारा, जमेल तिथं मुलासमोर बेड्या घालू नका, आई-बापाला मुलाशी दोन शब्द बोलू द्या, मूल कुणाकडं दिलं त्याची नोंद करा. कॅलिफोर्नियात ज्याच्यावर लहान मुलाची जबाबदारी आहे त्याला मुलाची सोय लावण्यासाठी दोन जादा फोन करू देणं कायद्यानंच बंधनकारक आहे. माझ्या अशिलाला एक जरी फोन करू दिला असता तरी आज्जी त्याच रात्री निघाली असती. हे धोरण लिहिणारेही पोलीस प्रमुखच आहेत, समाजसेवक नव्हेत, हे त्या मजकुराच्या लेखकानं लक्षात घ्यावं.

काहीजण त्या मजकुराखाली लिहितात, हे सुरू झालं की पोलीस उचलून पोरं बालगृहात टाकतील. ही भीती मला समजते, पण ती उलट्या दिशेची आहे. बालन्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलाय. न शिकलेला शिपाईच गोंधळून मुलाला संस्थेच्या दारात नेऊन सोडतो, कारण त्याला दुसरं काही माहीत नसतं. आज्जी गरीब असेल, तर पात्र मुलांसाठी केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची सोय आहे. जिल्हा बाल संरक्षण विभागाकडं अर्ज करता येतो. मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर फोन करता येतो. शिपायाला हे दोन पत्ते माहीत असले तरी पुष्कळ झालं.

खर्चाचं म्हणाल, तर खानापुरात पोलीस प्रशिक्षण शाळा आहे, कंग्राळीतही आहे. बेळगावची बालकल्याण समिती खानापूरपासून बसनं तासाभराच्या आत. समितीच्या सदस्यांना, एखाद्या अंगणवाडी सेविकेला, तुरुंगातून सुटून आलेल्या एखाद्या आईला बोलवा. खोटं घर मांडून अटकेचा सराव घेता तेव्हा त्या घरात एक मूलही असू द्या. पाकीट सील करण्याआधी नंबर लिहून घेण्याचा सराव करून घ्या. ही मागणी आम्ही काही वकील आणि शिक्षक लेखी करतोय, जिल्हा पोलीस प्रमुखांकडं आणि जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं. ज्यांना सही करायचीय त्यांनी कोर्टाच्या आवारात येऊन भेटावं. मजकूर पुढं पाठवणाऱ्यांनी आलं तरी चालेल, त्यांच्याशी बोलायला मला आवडेल.