इंजिनिअर केला तो कूलर दुरुस्त करायला का?

सकाळपासून डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहून राहिली. कोणाला लागलं तर लागू द्या.

रविवार म्हणून इथे नागपुरात कस्तुरचंद पार्ककडे तर्री पोहे खायला गेलो होतो, सोबत गल्लीतले एक भाऊजी अन् त्यांचा पोट्टा. पोट्टा मिहानला आयटीत, पगार बरा. खाता खाता सहज बोलून गेला, काकू, रविवारची संध्याकाळ झाली की पोट दुखते माझं. भाऊजी लगेच, "सगळ्यांचंच दुखते. इनो घे."

इनो!!

हाच पोट्टा एप्रिल लागला की आख्ख्या गल्लीचे कूलर खोलून बसते. जाम मोटर, पंपातला गाळ, सडलेल्या ताट्या, काहीही. बोलवावं लागत नाही, कूलरचा आवाज बदलला की त्याला रस्त्यावरूनच कळते. मी म्हटलं, भाऊजी, याला मशिनींच्याच कामात घालायला पाहिजे होतं. तर म्हणे, "इंजिनिअर केला तो कूलर दुरुस्त करायला का?" पोहेवाल्यासकट सगळे हसले. पोट्टाही हसला. ते हसणं ओळखते मी, कारण तसं मी कित्येक वर्षं हसली आहे.

मी वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्स पाहायची. 2017 ला जीएसटी आला अन् रोज घरी यायला रात्रीचे नऊ. त्या डिसेंबरात मावसभावाने काटोलला बोलावलं, संत्र्याच्या नर्सरीची बिलबुकं लावून दे म्हणून. बिलबुकं राहिली बाजूला. तिथे एक म्हातारे बाबा कलमं बांधत होते, म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचे डोळे, फांदीवरचे कोंब हो, भरत होते, सालीला टी सारखा काप, आत डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गच्च. मी पाहायला बसली ते बसलीच, चहा गार झाला, तीन वाजले, जेवायचं लक्षातच नाही. बाबांनी चाकू हातात दिला. चाळीस डोळे भरले. तीनेक आठवड्यांनी भावाचा फोन, पट्ट्या सोडल्या, नऊ हिरवे आहेत, बाकी काळे पडले.

चाळीसातले नऊ म्हणजे नापासच. पण त्या नऊसाठी मी सहा जणांना फोन केले. इतक्या वर्षांत ताळेबंद पैशापैशाने जुळला म्हणून एकालाही केला नव्हता.

अन् तरी नोकरी सोडून कलमांच्याच कामात यायला 2021 उजाडलं. काहून? तर लोक विचारायचे "संत्री कशी आहेत मॅडम" अन् मी हसून म्हणायची, टाइमपास हो. स्वतःच्याच तोंडाने! आज राग येते तो त्याचाच.

हो, नवऱ्याचा पगार होता म्हणून जमलं, माहितीये मला, कमेंटमध्ये सांगू नका. अन् प्रत्येक आवडीचं काम होत नाही हेही खरं, आमचे एक नातेवाईक कराओके गातात, त्यांनी नोकरी सोडू नये, हात जोडून विनंती. पण फरक कळते हो. गोड भाग सगळ्यांनाच आवडते. त्यातली घाण आवडून राहिली का ते पाहा. मला काळे पडलेले डोळे पुन्हा भरायला कंटाळा नाही आला, अन् या पोट्ट्याला तो कूलरच्या टाकीतला बुळबुळीत गाळ हाताने काढताना पाहा एकदा. आणखी एक, जळता कोणावर? ऑफिसातली एक पुण्याला मोठ्या पोस्टवर गेली, मला ढिम्म. वरुडकडच्या एका बाईने स्वतःची कलमं विकायला काढली तर मला रात्रभर झोप नाही.

लिहिता लिहिता एक आठवलं. भाऊजी मूळचे गडचिरोलीतल्या वडशाकडचे. दरवर्षी थंडीत तिकडची झाडीपट्टीतली नाटकं पाहायला जातात, रात्रभर जागतात, अन् परत आले की महिनाभर अंगणात दाढी करता करता पल्लेदार संवाद. एकदा म्हणाले होते, पोरपणी एका मंडळात घेत होते मला, वडील नाही म्हणाले. मग तीस वर्षं ऑफिसात फायली. "सगळ्यांचंच दुखते" हे ते उगीच नसतील म्हणाले. सकाळी मला हे सुचलं असतं तर पोह्यांवर एवढी भांडली नसती.

साडेसात झाले. आमच्या कूलरचा पंप ठणठणीत चालून राहिला, तरी पोट्ट्याला फोन केला की आवाज येते, बघून जा. पाना घेऊनच निघाला. भाऊजींनाही म्हटलं, तुम्हीपण या जी, चहा टाकते.