चोपड्याच्या सरांना उत्तर: ती पोर परदेशी का गेली

सर, नमस्कार.

मागच्या लेखात मी खान्देशातल्या एका शिशुगृहातल्या मुलीबद्दल लिहिलं होतं. साडेचार वर्षांची, जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेली. डॉक्टरी भाषेत स्पायना बिफिडा. कमरेखाली ताकद कमी, डोक्यात पाणी साठू नये म्हणून बसवलेला शंट, आणि लघवीवर ताबा नाही. तिला अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने दत्तक घेतलं. त्यावर तुम्ही लांबलचक लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात एवढी माणसं असताना पोरगी साता समुद्रापार का धाडली? गरीब आदिवासींची मुलं गोऱ्यांनी न्यायची आणि येशूच्या नावाने वाढवायची, हे धर्मांतर नाही तर काय? पाच हजार डॉलर घेतले म्हणजे विकलीच. तेवढे पैसे तिच्या आईला दिले असते तर? नाव-गाव का लपवता? आणि शेवटी, "ताई, तुम्ही स्वतः ख्रिस्ती, तुम्हाला यात खोट कशी दिसणार?"

नावाचं आधी उरकते. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ती आदिवासी आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते तुम्ही गृहीत धरलंत. तिची आई कोण, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

आता शेवटचं वाक्य. हो, मी ख्रिस्ती आहे. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले, वडील लोको शेडला. पण त्यामुळेच दत्तकाची एक बाजू मी घरातच पाहिली आहे. माझ्या मावशीने फार वर्षांपूर्वी एक मूल घरात आणलं. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी माणसाला मूल हवं असेल तर 1890 चा इंग्रजी अमदानीतला पालकत्वाचा कायदा. त्यात तुम्ही आई-बाप होत नाही, नुसते पालक होता, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपतं. मावसभावाच्या शाळेच्या दाखल्यावरून कटकट, रेशनकार्डावरून कटकट, वारसाचं तर विचारूच नका. 2000 चा बाल न्याय कायदा आणि त्याची 2006 ची दुरुस्ती आली तेव्हा हे दार उघडलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. तोवर मावशी म्हातारी झाली होती. "ख्रिस्ती लोक पोरं उचलतात" असं कुणी म्हणालं की मला ती आठवते. स्वतः वाढवलेल्या पोराची ती कागदावर कधी आई झालीच नाही.

धर्मांतराचं म्हणाल, तर तुमच्या शेजारच्या धरणगावचं उदाहरण मला देता आलं असतं. बालकवी ठोंबरे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले तेव्हाही हिंदूच होते. पण हे उदाहरण इथे पुरतं लागू पडत नाही. बालकवी कळते होते, आपलं आपण ठरवू शकत होते. ही पोर साडेचार वर्षांची. ते कुटुंब तिला रविवारी चर्चला नेणार, जेवणाआधी प्रार्थना शिकवणार, यात मला शंका नाही आणि मी ते झाकणारही नाही. 1993 च्या हेग करारातही मुलाच्या धार्मिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीचा विचार व्हावा असं म्हटलंय. म्हणजे तुमचा प्रश्न अगदीच वावगा नाही.

फक्त एक सांगा. हीच मुलगी जळगावच्या एखाद्या जैन कुटुंबात गेली असती तर पर्युषण पाळत मोठी झाली असती. नाशिकच्या बौद्ध घरात गेली असती तर बुद्धवंदना म्हणाली असती. तेव्हा तुम्ही "धर्मांतर" म्हणाला असता का? मूल ज्या घरात जातं त्या घराचं होतं, ही दत्तकाची रीतच आहे.

मग ती इथल्या घरात का गेली नाही? तुमच्या प्रतिक्रियेतला खरा प्रश्न हाच आहे.

बाल कल्याण समिती मुलाला दत्तकासाठी मुक्त जाहीर करते. त्यानंतर कायदा 60 दिवस देतो. तेवढ्यात भारतातले किंवा परदेशातले भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच परदेशी कुटुंबाचा विचार. अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना त्यात प्राधान्य देता येतं. कायद्याने हा अग्रक्रम उगाच लिहिलेला नाही. कोणती मुलं मागे राहतात हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. काराकडे, म्हणजे दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंद करून वाट पाहणारे पालक तीस हजारांच्या वर आहेत. तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं म्हणून तेच पालक हैराण. आणि त्याच वेळी विशेष गरजांच्या यादीतली मुलं तिथेच असतात, रांग न लावता मिळणारी.

आकडेही बघा. 2024-25 मध्ये काराकडून 4,515 दत्तकं झाली, त्यातली 4,155 देशातल्या देशात. म्हणजे परदेशी लोक आपली मुलं घाऊक नेताहेत हे चित्र खरं नाही. पण विशेष गरजांच्या मुलांपुरतं बोलायचं तर तराजू उलटा झुकतो. निरोगी बाळ आपण ठेवतो आणि पायाला कॅलिपरचा आधार लागणारं बाळ विमानात बसतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून काही पालक मुलाचा वैद्यकीय अहवाल घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. एक जोडपं याच मुलीचा अहवाल घेऊन आलं होतं. सुशिक्षित, सालस, दोघांची नोकरी. चालेल का, विचारलं. म्हटलं, कॅलिपर आणि वॉकर घेऊन बऱ्यापैकी. डोकं? म्हटलं, तल्लख आहे. मग बाईंनी अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागेल, म्हणजे शाळेतही? शाळेत कोण करणार? मोठी झाल्यावर लग्नाचं काय? आम्ही गेल्यावर तिला कोण? मी यातल्या एकाही प्रश्नाला हसले नाही. शाळेत कोण करणार, याला तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. ते चहा घेऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण सर, "आपल्यात कुणीच नव्हतं का" असं तुम्ही विचारता, तर असं होतं बघा.

अमेरिकेतलं जोडपं आलं ते आधी काराची ना-हरकत, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार न्यायालयाकडून त्यांच्याकडे आलाय), मग पासपोर्ट, एवढं सगळं झाल्यावर. व्हिडिओ कॉलवर ओळख झालेली होती. त्या बाईने घरी बाहुलीवर नळी घालायचा सराव केला होता. तरी प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. नळीला जेली लावायची, कातडी पुसून घ्यायची, हलक्या हाताने सरकवायची, भांड्यात धार पडली की थांबायचं. आमची पोर या कामात मुरलेली. स्वतःच आडवी झाली, फ्रॉक वर धरला आणि नव्या आईला मराठीत हुकूम सोडला, "हळू. अजून हळू." बाईला शब्द कळला नसेल, पण हात हळू झाला. तिला जन्मापासून सांभाळणारी शिशुगृहातली मावशी दाराशी उभी राहून सगळं बघत होती. इतके दिवस गोऱ्या बाईवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. त्या दिवशी मला म्हणाली, "हिले जमी जाई." म्हणजे हिला जमेल. संस्थेने निरोपासाठी फुगे लावले होते, तेवढे मात्र मी काढायला लावले. स्पायना बिफिडाच्या मुलांना रबराच्या लेटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा असतो. त्या बाईच्या नजरेला ते फुगे माझ्याआधी पडले होते. पाहुणी म्हणून बिचारी बोलली नव्हती.

पाच हजार डॉलरचं. ती रक्कम नियमात ठरवून दिलेली आहे आणि संस्थेच्या बालसंगोपन निधीत जाते. देशातल्या पालकांकडूनही ठरलेली रक्कम घेतात, ती कमी. मूल विकणं म्हणजे बाल न्याय कायद्याचं कलम 81, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तुम्हाला एखाद्या संस्थेबद्दल संशय असेल तर जरूर तक्रार करा. महाराष्ट्रात असले प्रकार कधी झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण पावती दिलेल्या रकमेला विक्री म्हणू नका.

तुम्हाला टीकाच करायची असेल तर भक्कम जागा मी दाखवते. परदेशात गेलेल्या मुलाचा अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी येतो. मग संपलं. ही पोर सहा-साडेसहा वर्षांची होईल तेव्हा आपल्या सरकारला तिच्याबद्दल विचारायचं बंधन राहणार नाही. बिहारमधून गेलेली तीन वर्षांची मुलगी 2017 मध्ये टेक्सासला मेली आणि दत्तक बापाला जन्मठेप झाली. चर्चला जाणारं कुटुंब होतं ते, आणि गोरं नव्हतं, भारतीय वंशाचंच होतं. दक्षिण कोरियाच्या चौकशी आयोगाने 2025 मध्ये सांगितलं की आई-बाप हयात असलेली मुलं कागदोपत्री अनाथ दाखवून परदेशी पाठवली गेली. नेदरलँड्सने 2021 मध्ये परदेशी दत्तक काही काळ थांबवलं, चीनने 2024 मध्ये आपल्या बाजूने दार लावलं. या गोष्टी मला अस्वस्थ करतात. तिकडच्या काही चर्चमध्ये अशा मुलाचे फोटो लावून देणग्या गोळा करतात आणि आपण केवढं पुण्यकर्म केलं ते सांगत फिरतात, तेही मला आवडत नाही. या जोडप्याला मी तोंडावर सांगितलं, तिच्या नळीबद्दल एक अक्षर इंटरनेटवर टाकू नका, ती मोठी होऊन वाचेल. बापाने मान डोलावली. पाळतील का, देव जाणे.

राहिला तिच्या आईचा मुद्दा. इथे मी तुमच्या बाजूची आहे, पण तुमच्या हिशेबाने नाही. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला विचार बदलायला कायदा 60 दिवस देतो. त्या 60 दिवसांत तिच्यापर्यंत कोण पोचतं? बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. नळ्या, कॅलिपर, शंटसाठी नाशिक-मुंबईच्या खेपा आणि बुडालेली मजुरी, एवढ्यात भागवून दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे, त्याच्या यादीत पहिलंच नाव याच दोषाचं आहे. पण पथक गावात येतं तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याची कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊस तोडायला गेलेली असतात. आणि खरं तर त्याच्याही आधी जायला हवं. बाळाचा कणा मिटतो तो गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत, बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड रोज पोटात जायला हवं ते त्याआधीपासून. आपल्याकडे गोळ्या हातात पडतात त्या नाव नोंदवल्यावर, म्हणजे गाडी सुटल्यावर. सगळे दोष गोळीने टळत नाहीत, बरेचसे टळतात. यावर तुम्ही लेख लिहिलात तर तुमच्यासोबत मीही सही करीन.

आणि आता माझं एक काम आहे. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहात आणि शाळेच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहात, असं प्रतिक्रियेखाली लिहिलंय. तुमच्याच तालुक्यात सहा वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला अगदी हाच आजार. त्याच्या आईने त्याला कुठेही दिलेलं नाही. शेतमजुरी करते, कडेवर घेऊन एसटीने माझ्याकडे येते. नळी घालायला ती शिकली आहे. दोन शाळांनी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून त्याला परत पाठवलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने असं म्हणता येत नाही, पण कायदा दाखवून भांडत बसायला तिला रोजंदारी बुडवावी लागेल. त्याला जूनमध्ये पहिलीत बसायचंय. लागेल काय, तर तळमजल्यावरचा वर्ग, दाराला आतून कडी असलेलं एक स्वच्छतागृह, आणि दुपारच्या सुट्टीत आईला आत येऊ देणारा शिपाई. पुढे तो स्वतःची नळी स्वतः घालायला शिकेल, ते मी शिकवीन.

तुमचा ई-मेल माझ्याकडे आहे, त्याचे कागद आजच पाठवते. प्रवेशाची शेवटची तारीख काय आहे तेवढं कळवा.