पी हळद अन् हो पीओ

बँकेच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसायची घाई करू नका. आधी अभ्यासिका लावा. ‘घरात अभ्यास होत नाही’ हे वाक्य सकाळच्या चहाला एकदा आणि रात्रीच्या जेवणाला एकदा, असं आठवडाभर म्हणत राहिलं की वडील पैसे काढून देतात. घरात अभ्यास होत नाही याचं खरं कारण घरात वैरण आणायला सांगतात, हे आहे. पण ते बोलायचं नसतं. पाहुण्यांवर ढकलायचं.

साताऱ्याचे असाल तर पोवई नाक्याच्या आसपास बघा, सांगलीचे असाल तर विश्रामबागेत. प्लायवूडची कॅबिन, एक ट्यूबलाइट, एक चार्जिंग पॉइंट आणि समोरच्या फळीवर आधीच्या माणसानं बॉलपेननं कोरलेलं वाक्य : ‘या वर्षी पोस्ट काढायचीच.’ माझ्या कॅबिनमध्ये हे वाक्य तीन वेगवेगळ्या अक्षरांत होतं. तिसरं अक्षर माझं.

कॅबिन मिळाली की क्लास. क्लास निवडताना फ्लेक्स नीट वाचावा. आमच्याकडं तर म्हणच आहे, पी हळद अन् हो गोरी. आणि सांगली पडलं हळदीचं गाव. तेव्हा ‘४५ दिवसांत बँक पीओ’ (म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, बँकेतला नवशिका अधिकारी) असं कुणी लिहिलं तर त्यावर शंका घेणं म्हणजे गावच्या पिकावर शंका घेणं. फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. एकच मुलगी तीन क्लासच्या फ्लेक्सवर तितकंच गोड हसताना दिसली तर गोंधळू नका. एका ठिकाणी ती शिकली, दुसऱ्या ठिकाणी तिनं मॉक टेस्ट दिली आणि तिसऱ्या ठिकाणी ती पत्ता विचारायला आत गेली होती.

एक गोष्ट नवीन पोरांना माहीत नसते. आपल्या या दोन्ही गावांना एके काळी स्वतःच्या बँका होत्या. सांगली बँक १९१६ची, ती २००७ साली आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची, ती त्याच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, आयडीबीआयमध्ये गेली. बँका गेल्या, बँकिंगचे क्लास आले. यात हळहळण्यासारखं काही नाही. बँक काढायला भांडवल लागतं, ठेवीदारांचा विश्वास लागतो, रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. क्लास काढायला एक प्रोजेक्टर आणि मागच्या वर्षी दोन मार्कांनी राहिलेला एक हुशार मुलगा पुरतो.

आता इंग्रजी. इंग्रजीचा बाऊ करू नका. क्लार्कच्या प्रिलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, १०० प्रश्न आणि ६० मिनिटं. त्यात इंग्रजीचे ३० प्रश्न, त्याला २० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. ४० सेकंदांत भाषा येत नसते, ट्रिक येते. ‘नो सूनर’ दिसलं की पुढं ‘दॅन’ शोधायचा. ‘हार्डली’ दिसलं की ‘व्हेन’. ‘वन ऑफ द’ आलं की नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. एवढं पाठ झालं की इंग्रजी आलं. बोलता येत नाही म्हणता? बोलण्याला मार्क कुठं आहेत?

सगळ्यात प्रेमळ प्रकार म्हणजे चूक ओळखा. वाक्याचे चार तुकडे केलेले असतात आणि पाचवा पर्याय असतो ‘नो एरर’. जिथं काहीच कळत नाही तिथं ‘नो एरर’ मारावं. चुकलं तर पाव मार्क जातो, पण मनाला बरं वाटतं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या ठिकाणी कुणी आपल्याला हा पर्याय देत नाही.

इंग्रजी पेपर मात्र लावाच. रोज अग्रलेख वाचायचा आणि अवघड शब्द पिवळ्या हायलायटरनं रंगवायचे. पहिल्या आठवड्यात पान पिवळंधमक दिसतं, दुसऱ्या आठवड्यापासून पेपर घडीतच राहतो. वाया जातो असं समजू नका. आमच्या आईनं दोन वर्षं अग्रलेखावर मेथी निवडली. इंग्रजी पेपरचा कागद मऊ असतो, पानं चिकटत नाहीत, असं तिचं मत आहे, आणि त्या पेपरबद्दल आमच्या घरात कुणी काढलेला तो एकमेव निष्कर्ष आहे.

बोलायचा सरावही एकदा करून बघितला. आम्ही चौघंजण अभ्यासिकेच्या गच्चीवर रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचं, मराठी शब्द आला की दहा रुपये दंड, असं ठरलं. पहिल्या दिवशी विश्रामबागेत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दहा-बारा मिनिटांनी एकजण म्हणाला, ‘टी?’ दुसरा म्हणाला, ‘यस.’ आम्ही खाली उतरलो. चहावाल्याशी मराठीत बोलावं लागलं, म्हणून चाळीस रुपये दंड जमला. त्यातूनच चहाचे पैसे दिले, वर भडंग आलं. उपक्रम तिथंच थांबला, पण तोट्यात गेला असं म्हणता येणार नाही.

पण खरी मजा मार्केटिंगमध्ये. मी २०१४ साली सुरुवात केली तेव्हा स्टेट बँकेच्या क्लार्कच्या पेपराला २०० मार्कांचे पाच भाग असायचे आणि पाचव्या भागात कॉम्प्युटरच्या मांडीला मांडी लावून मार्केटिंग बसलेलं असायचं. पुढं पॅटर्न बदलला. आता मार्केटिंग खऱ्या अर्थानं लागतं ते स्पेशालिस्ट ऑफिसरमधल्या मार्केटिंग ऑफिसरला, आणि त्याला मार्केटिंगमधलं एमबीए किंवा तशीच पदवी लागते. पण जुनी पुस्तकं अजून निम्म्या किमतीत मिळतात. ती घ्यावीत. पेपरात नसलेला विषय वाचताना जी एकाग्रता लागते ती पेपरात असलेल्या विषयाला कधीच लागत नाही.

मार्केटिंगचे चार पी : प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. जेरोम मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं ते १९६० साली मांडले. १९६० आपल्याला तसंही पाठच असतं, कारण महाराष्ट्र राज्य आणि एमपीएससी दोन्ही त्याच सालचे. एका सालात तीन उत्तरं. याला स्मार्ट स्टडी म्हणतात.

मग येते ती बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपची चौकट. कंपनीच्या मालाची चार रकान्यांत वाटणी करायची : स्टार म्हणजे जोरात चाललेला, कॅश काऊ म्हणजे दुभती गाय, क्वेश्चन मार्क म्हणजे चालेल का नाही सांगता येत नाही तो आणि डॉग म्हणजे चालत नाही तो. सर म्हणायचे, थिअरी घरच्या उदाहरणाला लावून बघा, विसरत नाही. मी लावली. स्टार म्हणजे पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ. कॅश काऊ म्हणजे दावणीची म्हैस, तिच्यात शाब्दिक अडचण फक्त जातीची आहे. क्वेश्चन मार्क मी. चौथ्या रकान्यावर आमच्या घरात अजून उघड चर्चा झालेली नाही.

या विषयात फक्त एक धोका आहे, तो म्हणजे खरा बाजार. त्यापासून लांब राहा. मला एकदा अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डात जावं लागलं. अडत्याच्या दारात पोती उघडून ठेवलेली, हवेत पिवळी धूळ, बोलताना तोंडात कडवट चव. एक व्यापारी आला. त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं एक हळकुंड वर काढलं, कटकन मोडलं आणि आतला रंग उन्हाकडं धरून बघितला. हळकुंड वरून कितीही चकचकीत असलं तरी रंग आत असतो. मग त्यानं भाव सांगितला. अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. बोलले काहीच नाहीत. व्यापारी दोन पावलं पुढं गेला, परत आला, भाव थोडा वाढला. अण्णांनी पुन्हा टोपी काढली.

माझ्या खिशात नोट्स होत्या. चहाच्या वेळी मी त्यांना पुस्तकातला प्रश्न विचारला : ‘अण्णा, विक्रीची प्रक्रिया पूर्ण कधी होते? माल दिल्यावर, भाव ठरल्यावर, का ग्राहक समाधानी झाल्यावर?’

अण्णा म्हणाले, ‘पट्टी हातात पडल्यावर.’

पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा अडत्याकडून मिळणारा हिशेब आणि पैसे. हा पर्यायच नव्हता. उत्तरतालिकेत ‘ग्राहक समाधानी झाल्यावर’ होतं. अण्णांचा पाव मार्क गेला. चाळीस वर्षं माल विकणारा माणूस मार्केटिंगला नापास झाला, याचं मला तेव्हा खरोखर वाईट वाटलं होतं. तुम्हालाही तसंच वाटलं पाहिजे, नाहीतर अभ्यास कच्चा आहे.

सामान्य ज्ञानाबद्दल जास्त बोलत नाही. मी सगळ्या २७ सरकारी बँकांची मुख्यालयं आणि ब्रीदवाक्यं पाठ केली होती. आता त्या १२ उरल्या आहेत. स्टेट बँकेच्या सहयोगी बँका २०१७ साली स्टेट बँकेत गेल्या, विजया आणि देना २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात, आणि २०२० साली दहांच्या चार झाल्या. तिन्ही वेळा तारीख १ एप्रिल. मुद्दाम निवडली असं मी म्हणत नाही, पण ब्रीदवाक्यं पाठ केलेल्या पोरांना एवढं कळतं.

वयाची काळजी करू नका. क्लार्कला खुल्या गटात २८, पीओला ३०. तिथून बाहेर पडलात की एमपीएससी उभीच असते, खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. सरकारनं टप्प्याटप्प्यानं अशी सोय करून ठेवली आहे की माणूस रिकामा म्हणून राहू नये. मधल्या काळात सरळसेवा आहे. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या जास्त जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज. फी खुल्या गटाला हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. पेपर २०० मार्कांचा आणि निकालात सगळ्यात वरचे मार्क २१४. नॉर्मलायझेशन म्हणतात त्याला : वेगवेगळ्या सत्रांतले पेपर सोपे-अवघड असतात, म्हणून मार्क एका पातळीवर आणायचे. ते समजावून सांगायला मी अण्णांसमोर वही घेऊन बसलो होतो. अण्णा म्हणाले, ‘आमच्या काट्यावर दोनशे किलोच्या मालाचं दोनशे चौदा भरलं असतं तर अडत्यानं मला आत टाकलं असतं.’ तिथून पुढं मी घरात सांख्यिकी शिकवायचं बंद केलं.

दुसरं असं की पोस्ट निघो न निघो, तिचं नाव मोठं होत जातं. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत क्लार्क आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट आहे. लग्नाच्या पंगतीत ‘सध्या काय चाललंय?’ असं कुणी विचारलं तर ‘क्लार्कची तयारी’ म्हणण्यापेक्षा हे ऐकायला बरं. शिवाय म्हणून होईपर्यंत विचारणाऱ्याची जिलेबी येते आणि विषय बदलतो.

तरीही एखाद्याची पोस्ट निघते. माझ्या शेजारच्या कॅबिनमधल्याची निघाली. गच्चीवर ‘यस’ म्हणणारा तोच. दोन मार्कांनी वर गेला, नांदेडकडं चिकटला. त्या रात्री अभ्यासिकेत पेढे वाटले, कंदी पेढे, खास साताऱ्याहून मागवलेले. त्याच्या कॅबिनमध्ये दुसऱ्या दिवशी नवीन मुलगा आला आणि फळीवरचं वाक्य वाचून खूश झाला.

परवा मार्चमध्ये त्या नांदेडवाल्याचा फोन आला. आधी अण्णांची विचारपूस, मग म्हशीची. मग म्हणाला, ‘लेका, एक पॉलिसी घे की. शाखेचं टार्गेट राहिलंय, मॅनेजर रोज उभा करतोय. आईच्या नावानं घेतली, सासऱ्याच्या नावानं घेतली, आता नातेवाईक संपले.’ बँकअशुरन्स, मला लगेच आठवलं : बँकेच्या काउंटरवरून विमा विकणे. त्या पानावर मी स्वतः रेघ मारली होती. पेपरातून गेलेलं मार्केटिंग काउंटरवर जाऊन बसलं होतं.

म्हटलं, घेतो. तो फोनवरच फॉर्म भरायला लागला. नाव त्याला माहीत होतं, पत्ता माहीत होता.

‘वय?’

‘तेहतीस.’

‘हप्ता कोण भरणार?’

‘अण्णा.’

‘व्यवसाय काय लिहू?’

‘विद्यार्थी.’

पलीकडून कीबोर्डचा आवाज थांबला. चाळीस सेकंद तरी गेले असतील. मग तो म्हणाला, ‘नो एरर,’ आणि एंटर दाबल्याचा आवाज आला.