भीती गुन्ह्यांची की शेजाऱ्याच्या वर्णाची? एक खुलासा

‘अमेरिकेत गोरी कुटुंबं कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घर घेत नाहीत ती निव्वळ गुन्हेगारीमुळे, वर्णाचा त्यात काडीचाही संबंध नाही,’ असं ठासून सांगणारा मजकूर फिरतोय. तो खरा नाही.

लिंकन क्विलियन आणि डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञांनी शिकागो, सिॲटल आणि बाल्टिमोरमधली माहिती तपासली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: प्रत्यक्ष गुन्ह्यांचं प्रमाण हिशेबात धरूनही, जिथे तरुण कृष्णवर्णीय पुरुष जास्त, तिथे रहिवाशांना गुन्हेगारी जास्त वाटते. भीती खोटी नसते, पण तिचं माप घेताना नजर आधी शेजाऱ्याच्या कातडीकडे जाते.

काही वस्त्यांत गुन्हे खरंच जास्त आहेत, आणि लेकराबाळांसाठी सुरक्षित घर शोधण्यात गैर काहीच नाही. पण १९३०च्या दशकात सरकारी संस्थेच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सर्रास लाल रंगात ‘धोकादायक’ ठरवल्या गेल्या, हे हा मजकूर लिहिणारे सोयीस्करपणे गाळतात. अशा भागांत गृहकर्ज मिळणं मुश्कील होतं.

आणि हो, गिऱ्हाइकाचा वर्ण पाहून ‘तो भाग तुमच्यासाठी नाही’ असं घरांच्या एजंटनं सुचवणं अमेरिकेत घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्धच्या १९६८च्या कायद्यानुसार बेकायदा आहे.